मोठ्या काकूंच्या सोप्यात

मंडळी, नमस्कार.

तुम्ही सगळे आलात. वडगावहून आक्कांच्या माहेरचे पावणे आलेत, गल्लीतले आलेत, मंडळाच्या पोरांनी सकाळपासून हॉल झाडून सतरंज्या घातल्यात. लहानपणी आमच्याकडे ज्यांची ऊठबस होती, ती आता आपली मुलं मांडीवर घेऊन बसलीत. कुणाकुणाची नावं घेऊ? मला आज नावं आठवत नाहीत. गेले पंधरा दिवस कपडे कुठं वाळत घातलेत तेसुद्धा आठवत नाही.

मी सुनंदा. मंगलआक्का माझ्या थोरल्या जाऊ. एका घरात आम्ही पस्तीस वर्षं काढली.

मला भाषण येत नाही. कचेरीत नोकरी केली ती खाली मान घालून, कागदावर. उभं राहून बोलायची वेळ एकदाच आली, माझ्या निरोपाच्या दिवशी, तेव्हा दोन वाक्यं बोलून खाली बसले होते. आज दोन वाक्यांत भागणार नाही. मधे थांबले तर थांबू द्या. पाणी आणून देऊ नका. कुणी पाणी दिलं की मला रडू येतं.

माझ्या आधी जे बोलले ते चांगलं बोलले. कुणी म्हणालं, आक्कांच्या हातात कला होती. कुणी म्हणालं, मुलांची माउली होत्या. असेल. मी नाही म्हणत नाही. पण मी त्या घरात राहत होते. तुमची मुलं संध्याकाळी सहाला हात धुऊन घरी जायची, आणि मागं राहायचा पसारा. तो मी काढायचे. हे आज बोलू नये. पण मी हे आक्कांच्या तोंडावर बोलत आले, मग आज कशाला लपवू?

जी नवीन माणसं आहेत त्यांच्यासाठी सांगते. आमचा छापखाना होता, शाहूपुरीत, घराच्या मागच्या बाजूला. थोरले भाऊजी आणि आमचे हे, दोघं मिळून चालवायचे. जास्त करून लग्नपत्रिका. छापताना पत्रिका बिघडतात. रंग सरकतो, नवरीच्या बापाचं नाव चुकतं, सोनेरी शाई पसरते. त्या बिघडलेल्या पत्रिकांचे गठ्ठे घरात येऊन पडायचे. बंब पेटवायला बरे, म्हणून सासूबाई ठेवायच्या.

आक्कांना मूल झालं नाही. आजच्या एवढ्या भाषणांत कुणी तो विषय काढला नाही, सगळ्यांनी जपून बाजूनं पाय टाकले. त्या स्वतः कधी जपून बोलल्या नाहीत. हळदीकुंकवाला नवी बाई आली, तिनं विचारलं, किती मुलं? की आक्का म्हणायच्या, ‘मला न्हाय झालं. तुझी दे की सुट्टीपुरती.’

आणि बायका देत होत्या. असं सुरू झालं.

एक मे महिना. माझी लेक चार वर्षांची, शेजारची दोन पोरं, बाहेर ऊन, आणि घरात नुसती मारामारी. मी कचेरीत. आक्कांनी तिघांना धरून सोप्यात बसवलं. आमची रस्त्याकडची पुढची खोली, तिला आम्ही सोपा म्हणतो. पत्रिकांचा एक गठ्ठा सोडला, चौकोन कापायला लावले, चौकोनाची घडी घालून त्रिकोण, त्रिकोणात दोरा, आणि झालं तोरण. वाकडं. एका त्रिकोणावर अर्धा गणपती, पलीकडं अर्धा ‘शुभविवाह’. संध्याकाळी मी दारात आले, तर ते तोरण माझ्या डोक्याला लागलं. मी म्हणाले, हे काय लावलंय? आक्का म्हणाल्या, ‘तुझ्या पोरीनं केलंय. चांगलं म्हण.’

दुसऱ्या दिवशी पाच मुलं आली. आठवड्यात सगळी गल्ली.

मग प्रत्येक सुट्टीला. मे महिन्यात पत्रिकांची पाकिटं, भिंतीवरची फुलं, लोकरीचे गोंडे. बेंदराच्या सणाला मातीचे बैल, त्यांच्या शिंगांना त्याच पत्रिकांची बेगड. गणपतीला पुठ्ठ्याचं मखर. आणि दिवाळीला आकाशकंदील. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, पतंगी कागद कापायचा, बांबूच्या कांब्या बांधून सांगाडा करायचा, खाली झिरमिळ्या सोडायच्या. तुमच्यातले निम्मे त्या खळीत हात घालून मोठे झालात.

एका वर्षी एक वडील पोराला न्यायला आले. त्यांना उशीर होत होता. म्हणाले, ‘वहिनी, कंदील काय, बाजारात मिळतोय की.’ आक्का वर न बघता म्हणाल्या, ‘मिळतोय. जावा, आणा. पोरगं हितंच ठेवून जावा.’

आणि हे तर तुम्ही विसरला नसालच. दिवाळीच्या पहिल्या संध्याकाळी आक्का पदर खोचून गल्लीतनं फिरायच्या. दिवे बघायला नव्हे, तपासायला. कुणाच्या दारात विकतचा कंदील आणि पोराचा मागं, न्हाणीच्या खिडकीत, असं दिसलं की कडी वाजवायच्या. ‘पोराचा म्होरं लावा. इकत आणलेला न्हाणीत लावा.’ मोठमोठी माणसं गुपचूप स्टुलावर चढायची. हसा. हसलात तर चालेल. त्यांनाही चाललं असतं.

मी मात्र तेव्हा हसायचे नाही. मी दमलेली असायचे. पहाटे चारला नळाला पाणी यायचं, ते भरायचं, डबे करायचे, सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं करायचं, कचेरी गाठायची, आणि सहाला घरी आलं की पायाला खळ. बसायला जागा नाही. जिथं टेकावं तिथं कुणाचा तरी बैल वाळत घातलेला. मी चिडायचे. ‘आक्का, हे घर हाय का बालवाडी?’ आक्का म्हणायच्या, ‘दोन्ही हाय की.’

मला शांत घर पाहिजे होतं. हे मी किती वेळा बोलले असेन, मोजदाद नाही.

आता जे सांगायचं आहे त्याच्यासाठी मी उभी राहिले. वैशाली, तुझी परवानगी मी काल घेतली आहे, तरी पुन्हा तुझ्याकडं बघून बोलते.

दहा वर्षांपूर्वी आमच्या सोप्यात एका मुलीच्या डोळ्याला इजा झाली. वैशालीची मुलगी, सई. आमच्यापासून तिसरं घर. तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. दिवाळीच्या आधीचा रविवार होता. कंदिलाची कांब डाव्या डोळ्यात गेली. हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. आणि हेही माहीत आहे, की मंगलआक्कांचं लक्ष नव्हतं म्हणून ते झालं. आक्कांनी स्वतःच तसं सांगितलं होतं. ह्या हॉलमध्ये बसलेल्या कितीतरी जणांच्या समोर सांगितलं होतं.

ते खरं नव्हतं.

त्या रविवारी मी घरी होते. आक्कांना वडगावहून फोन आला, त्यांच्या भावाला दवाखान्यात नेलं होतं. आत खोलीत जाऊन बोलावं म्हणून त्या उठल्या. जाताना मला म्हणाल्या, ‘सुनंदा, दहा मिनटं बस की पोरांपाशी. कांब्या कुणाच्या हातात देऊ नको. मी आल्यावर देतो.’ त्या कांब्या स्वतः तासायच्या. टोकं काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत करायच्या, दोऱ्यानं बांधायच्या, आणि मगच सांगाडा मुलांपुढं ठेवायच्या. सुटी कांब त्यांनी इतक्या वर्षांत एकाही मुलाच्या हातात दिली नव्हती.

मी बसले. नऊ-दहा मुलं होती. ‘काकू, कांबी. काकू, कांबी.’ एकसारखं. माझं डोकं दुखत होतं. गप्प बसावीत म्हणून मी तो जुडगा उचलला आणि त्यांच्या मधे ठेवला. म्हटलं, घ्या, पण भांडू नका. आणि मी भिंतीला टेकले.

माझा डोळा लागला.

मंडळी, मला झोप लागली. पाच मिनिटं, सात मिनिटं, मला सांगता येणार नाही. माझा डोळा लागला, आणि तिच्या डोळ्याला लागलं. आपल्या भाषेत दोन्हीला जवळजवळ तेच शब्द आहेत. दहा वर्षं झाली, मी ते शब्द तोंडातनं जाऊ देत नाही. ‘जरा झोपले होते’ म्हणते, ‘डोळा लागला’ म्हणत नाही.

दोन मुली एक कांब ओढत होत्या. एकीच्या हातातनं सुटली, हे मागनं पोरांच्या रडारडीतनं कळलं. मी जागी झाले ती किंकाळीनं.

आक्का धावत आल्या. सईला उचललं, पदर तिच्या डोळ्यावर धरला, रिक्षात बसल्या. मी मागनं चप्पल न घालता. दवाखान्यात वैशाली आली. तिनं विचारलं, ‘कोण होतं मुलांपाशी?’ मी तोंड उघडलं. आक्का माझ्या पुढं येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मी होतो. माझ्याच्यानं झालं.’

मी त्यांच्या पाठीमागं उभी होते. मी उघडलेलं तोंड मिटलं.

वैशाली तिथं त्यांना काय काय बोलली ते मी सांगणार नाही. कुठलीही आई बोलली असती. आक्का एवढंच म्हणत राहिल्या, ‘व्हय. व्हय बाई. खरं हाय तुझं.’

सईचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. त्या डोळ्यानं तिला उजेड कळतो. समोर माणूस आहे एवढं कळतं. कोण आहे ते कळत नाही.

चार दिवसांनी मी आक्कांना म्हणाले, मी सांगते वैशालीला. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, ‘तुझी नोकरी हाय. पोरीचं बघायलोय आपण, लग्नाचं. लोकं काय बोलतील? माझं काय जातंय? बोलून घेऊ देत मला.’ मी म्हणाले, ‘पण आक्का...’ त्या म्हणाल्या, ‘गप बस की. एकदा बोललोय मी. आता दोनदा दोन बोलणी नकोत.’

आणि मी गप्प बसले. मला बरं वाटलं, मंडळी. हे मी आज लपवणार नाही. सुटल्यासारखं वाटलं.

मुलं यायची बंद झाली. कुणी भांडून बंद केली नाहीत, हळूच बंद केली. ‘ट्यूशन लागलीय’, ‘मामाकडं गेलाय’. आक्कांनी कात्र्या, रंग, कागद सगळं ट्रंकेत भरलं, खळीचं पातेलं घासून वरच्या फळीवर ठेवलं. सोपा स्वच्छ झाला. सहाला घरी आलं की टेकायला पाहिजे तेवढी जागा.

तीन वर्षं.

कृपा करून आक्कांना देवी म्हणू नका. त्यांनी माझा दोष अंगावर घेतला, पण त्यांनी मला सहज सोडलं नाही. त्या तीन वर्षांत माझ्याशी कामापुरतं बोलल्या. ‘भात झालाय.’ ‘दूधवाला आला न्हाय.’ एवढंच. एकदा मी सोपा झाडून खुर्चीत बसले होते. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, सगळीकडं बघितलं, आणि म्हणाल्या, ‘तुला शांत घर पायजे होतं. मिळालं की.’ आणि आत गेल्या. दुसऱ्या कुणी मला थोबाडीत मारली असती तर मी विसरले असते. हे विसरता आलं नाही.

सईची तपासणी असली की आक्का जायच्या. वैशाली त्यांच्याशी बोलत नव्हती, तरी जायच्या. दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसायच्या. मायलेकी बाहेर आल्या की उठून उभ्या राहायच्या. त्या निघून गेल्या की चालत घरी यायच्या. वर्षभर हे चाललं. पुढं वैशालीनंच एकदा सांगितलं, येऊ नका, मला त्रास होतो. मग थांबल्या.

आणि तीन वर्षांनी, एका दुपारी, शाळा सुटल्यावर सई आमच्या दारात उभी राहिली. एकटी. दहा वर्षांची, जाड भिंगाचा चष्मा. माझी त्या दिवशी रजा होती, मी आतनं ऐकत होते.

म्हणाली, ‘मोठ्या काकू, मला कात्री धरायला शिकवा.’

आक्कांनी विचारलं, ‘आईला सांगून आलीस?’

‘न्हाय.’

‘मग जा. आईला घेऊन ये.’

पोरगी रडकुंडीला आली. म्हणाली, ‘घरात कुणी कात्री देत न्हाय. सुई देत न्हाय. शाळेत बाई म्हणतात, तू नुसती बघ. मला नुसतं बघायचा कंटाळा आलाय.’

आक्का म्हणाल्या, ‘आईला घेऊन ये. मी हितंच हाय.’

दोन दिवसांनी वैशाली आली. तीन वर्षांत पहिल्यांदा आमचा उंबरा चढली. बसली नाही. म्हणाली, ‘तिनं दोन दिवस जेवण टाकलंय. काय शिकवायचं ते शिकवा. मी इथंच उभी राहणार.’ आक्का म्हणाल्या, ‘उभी कशाला? बस की. बसूनच बघ.’

मंडळी, एका डोळ्यानं काम करायचं म्हणजे काय, मला माहीत नव्हतं. आक्कांनाही नव्हतं. सई कात्री कागदाकडं न्यायची आणि कात्री अलीकडंच मिटायची. ब्रश डब्यात बुडवायचा तर बाहेर टेकायचा. वस्तू दिसते, पण किती लांब आहे ते कळत नाही. पहिल्या दिवशी ती चिडली आणि कागद फाडून गेली.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतनं आले, तर आक्का सोप्यात जमिनीवर बसलेल्या. डाव्या डोळ्यावर रुमाल बांधलेला, हातात सुई-दोरा. तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या.

मी म्हणाले, ‘काय चाललंय?’

म्हणाल्या, ‘बघतोय. दोरा सुईच्या म्होरनंच जातोय गं.’

आठ दिवस त्या तशा बसायच्या. डोळा बांधून कापायच्या, चिकटवायच्या, ओवायच्या. बोटं कापून घेतली. एकदा खळीचं पातेलं उलटं केलं. मी पुसायला गेले तर म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ दे, मला कळू दे कुठवर गेलंय.’ आणि हळूहळू त्यांनी शोधून काढलं. आधी डाव्या हाताचं बोट लावायचं, मग त्या बोटाच्या अंगानं कात्री न्यायची. सुई खाली धरायची नाही, दोरा खाली धरायचा आणि सुई त्याच्यावर आणायची. जिथं कापायला जमत नाही तिथं घडी घालून नखानं दाबायचं आणि फाडायचं. फाडलेल्या कागदाची कड मऊ येते, फुलांना ती जास्त चांगली दिसते. कांब्या त्यांनी घरातनं कायमच्या घालवल्या. पत्रिकांच्या पट्ट्या कापून, एकात एक अडकवून कंदील करायला लागल्या. ना कांब, ना टोक.

सईनं त्या वर्षी पहिला कंदील केला. वैशालीनं तो तिच्या दारात लावला. समोर.

आक्का तो तपासायला गेल्या नाहीत. खिडकीतनं बघितला. आणि मला हाक मारली. ‘सुनंदा, हिकडं ये. बघ.’ तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला कामाशिवाय हाक मारली होती.

मग परत मुलं यायला लागली. पहिल्यासारखी नाहीत. पूर्वी सुट्टीत चाळीस-चाळीस असायची, तेवढी कधीच झाली नाहीत. सात, आठ. छापखाना बंद झाला होता, आता लग्नाची आमंत्रणं मोबाईलवर येतात, पण जुने गठ्ठे उरले होते ते पुरले. मीही बसायला लागले, रविवारी. मला काही येत नाही, माझं तोरण मुलांपेक्षा वाकडं. पण मी बसायचे. जागी.

सांगितलं मात्र नाही. वैशाली आमच्या घरी चहा प्यायला लागली, आक्कांना मोठ्या काकू म्हणायला लागली, मनातनं माफ केलं तिनं त्यांना, आणि मी तिला चहा करून देत होते. सात वर्षं.

गेल्या वर्षी आक्कांचं हृदय थकलं. तुम्ही भेटायला येत होता, तुम्हाला ठाऊक आहे. पायाला सूज, दोन पावलं टाकली की दम. मी निवृत्त झाले होते, मीच करत होते सगळं. एक दिवस त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं, मी त्यांचे केस विंचरत होते. विचारलं, ‘आक्का, आता सांगू का वैशालीला?’

त्यांनी माझ्या हातातली फणी धरली. मग म्हणाल्या, ‘मी असताना नको. मी खोटं बोललो, ते मला तिच्या तोंडाकडं बघून ऐकायला लागंल. तेवढं न्हाय जमायचं आता.’ आणि म्हणाल्या, ‘मी गेल्यावर तुला काय करायचं ते कर. न्हाय केलंस तरी चालंल.’

मला वाटलं होतं, खोटं त्यांना जड जात नसेल. त्यांना ते माझ्यापेक्षा जड गेलं होतं. त्यांनी बोलून दाखवलं नाही, आणि मी विचारलं नाही.

तेरावं झाल्यावर, काल, मी वैशालीच्या घरी गेले. हे सगळं आधी इथं बोलले असते तर तिच्यावर अन्याय झाला असता. मी सांगितलं. ती ऐकत होती. तिनं आरडाओरडा केला नाही. मला वाटलं होतं करेल. करायला पाहिजे होता. ती म्हणाली, ‘मी दवाखान्यात त्यांना काय काय बोलले होते, तुम्ही ऐकत होता की.’ मी म्हणाले, हो. ती म्हणाली, ‘त्यांनी ऐकून घेतलं. आणि तुम्ही ऐकलं.’ मग उठून आत गेली. परत आली तेव्हा म्हणाली, ‘सईला तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही.’

सई आता सतरा वर्षांची आहे. बारावीला. ती पुस्तक घेऊन बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, सई, त्या दिवशी मोठ्या काकू नव्हत्या, मी होते.

ती म्हणाली, ‘मला माहीताय.’

मी म्हणाले, काय माहीत आहे?

‘मोठ्या काकू आत फोनवर होत्या. तुम्ही भिंतीला टेकून झोपला होता. तोंड उघडं होतं तुमचं. मी तिथंच होते की, काकू.’

मंडळी, दहा वर्षं आम्ही दोघी ती गोष्ट सांभाळत बसलो होतो. कुणाला कळू नये, कुणाला कळू नये. आणि जिचा डोळा गेला, ती तिथंच होती. आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी विचारलं, मग तू कधी बोलली का नाहीस?

ती म्हणाली, ‘मला कुणी विचारलंच न्हाय.’

डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय का. शाळेनं विचारलं, दिसतंय का. नातेवाईक येऊन वैशालीला विचारायचे, आक्कांना विचारायचे. पोरीला, किंवा तिथं बसलेल्या बाकीच्या पोरांना, तू सांग काय झालं, असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

मी माफी मागितली. तिनं ऐकली. मग तिनं मला विचारलं, ‘तुम्हाला झोप का लागली होती?’ मी सांगितलं, पहाटे चारला पाणी यायचं. ती ‘हं’ म्हणाली आणि पुस्तकात बघायला लागली. मी बसून राहिले. थोड्या वेळानं ती म्हणाली, ‘मला अभ्यास करायचाय.’ मी उठून आले.

एवढंच झालं. तिनं मला माफ केलं का? मला माहीत नाही. तिला ते ठरवायला वेळ लागेल, लागू दे. आज इथं हे बोलू का, असं मात्र मी वैशालीसारखं तिलाही विचारलं. ह्या वेळी विचारलं. तिनं मान डोलावली. ती मागं दारापाशी उभी आहे. कृपा करून कुणी वळून बघू नका. तिला आयुष्यभर लोकांनी वळून बघितलंय.

आता शेवटचं. दिवाळी महिन्यावर आलीय. तेराव्याच्या जेवणातसुद्धा मला चार-पाच जणींनी विचारलं, आता तुम्ही चालवणार ना? आक्कांचं काम पुढं नेणार ना?

नाही. मी चालवणार नाही. मला जमत नाही. हातात कसब नाही, अंगात बळ नाही, आणि मुलांचा गोंगाट मला आजही सोसत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हटलं असतं, पण तसलं बोलणं आता पुरे झालं.

सोप्याला कुलूप मात्र घालणार नाही. अजून तीन गठ्ठे आहेत पत्रिकांचे, माळ्यावर. कात्र्या ट्रंकेत आहेत, धार लावून ठेवलेल्या. ज्याला आपल्या मुलांना घेऊन बसावंसं वाटेल त्यानं यावं, बसावं. मला विचारायची गरज नाही. एकच अट आहे. मुलांपाशी एक मोठं माणूस पाहिजे, आणि ते जागं पाहिजे. दमला असाल तर त्या दिवशी येऊ नका. दुसऱ्या दिवशी या.

आता आपण उभे राहू. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहावं, आक्कांनी काही म्हटलं नसतं. मोठ्यांनी दोन मिनिटं गप्प राहायचं. लहान मुलं बोलली तर बोलू द्या, त्यांच्या तोंडावर हात ठेवू नका. काही सांगत असतील तर ऐका.

आक्का, तुम्ही होता तोवर हे मला म्हणता आलं नाही. चुकलं माझं.

नमस्कार करते.